कोराडीचा कोळसा रोज मोजतात, मग तेल का नाही?

नागपूरला फोन लावला की हल्ली इथेनॉलचा विषय निघाल्याशिवाय बोलणं संपत नाही. प्रतापनगरात राहणारा माझा चुलतभाऊ, आमचा दादा, त्याच्या जुन्या गाडीवर वैतागलेला आहे. "ॲव्हरेजच देऊन नाही राहिली बे," हे त्याचं पहिलं वाक्य. वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं तेव्हापासून त्याच्या कॉलनीत या विषयावर दोन तट पडले आहेत. नितीन गडकरी नागपूरचे खासदार आणि इथेनॉलचे देशातले सर्वात ठाम पुरस्कर्ते, त्यामुळे हा वाद तिथे घरचा असल्यासारखा रंगतो. एक तट म्हणतो, तेलाच्या आयातीवर दरवर्षी लाखो कोटी रुपये बाहेर जातात, त्यातले थोडे तरी ऊस आणि मका पिकवणाऱ्याच्या हाती पडू देत. दुसरा म्हणतो, भुर्दंड आमच्या गाडीच्या इंजिनाला का?

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे रसायनशास्त्र आहे, त्यात मताचा प्रश्न नाही. या इंधनासाठी न बनलेल्या चारचाकींचं मायलेज सहा-सात टक्के आणि दुचाकींचं तीन-चार टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच लिहिलं होतं. आणि देश ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, हेही तितकंच खरं. पण या सगळ्या भांडणात एक प्रश्न कुणी विचारत नाही, आणि मला तोच सर्वात मोठा वाटतो. आखातातलं तेल ज्या चिंचोळ्या समुद्रवाटेने बाहेर पडतं, त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून येणारी जहाजं उद्या थांबली, तर आपल्याकडे आज नेमकं किती दिवसांचं तेल आहे?

मी नागपूरच्या एलआयटीतून केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि बरीच वर्षं टेक्सासमध्ये ह्यूस्टनला तेलाच्या पाइपलाइनींच्या कामात आहे. इथे या प्रश्नाचं उत्तर दर बुधवारी सकाळी मिळतं. अमेरिकेची ऊर्जा माहिती संस्था देशातल्या तेलसाठ्याचा साप्ताहिक अहवाल प्रसिद्ध करते. त्यात कंपन्यांकडे किती कच्चं तेल, किती पेट्रोल, किती डिझेल आणि सरकारच्या राखीव साठ्यात किती, हे सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. तो कुणालाही फुकट वाचता येतो. ऑफिसमध्ये आम्ही कामासाठी वाचतो, पण निवडणुकीच्या हंगामात तोच आकडा टीव्हीवरच्या भांडणातही येतो.

सरकारचा हा राखीव साठा १९७३ च्या अरब देशांच्या तेलबंदीतून जन्मला. १९७५ मध्ये कायदा झाला, १९७७ मध्ये पहिलं तेल जमिनीखाली गेलं. टेक्सास आणि लुईझियानाच्या किनारपट्टीवर चार ठिकाणी जमिनीखाली मिठाचे प्रचंड घुमट आहेत. त्यांत गोडं पाणी सोडायचं, मीठ विरघळवायचं, खारं पाणी उपसून टाकायचं आणि उरलेल्या पोकळीत तेल भरायचं. एकेका पोकळीत साधारण एक कोटी बॅरल मावतं. व्यास साठ मीटरच्या आसपास, उंची सातशे मीटरहून जास्त. अशा सुमारे ६० पोकळ्या आहेत, मिळून क्षमता ७१ कोटी ४० लाख बॅरल. यातली एक जागा ह्यूस्टनपासून तासाभरावर, फ्रीपोर्ट गावाजवळ आहे. रस्त्यावरून जाताना कुंपण, गवत आणि मधूनमधून जमिनीतून वर आलेले पाइप आणि व्हॉल्व्ह, एवढंच दिसतं. मात्र इथलं तेल बाहेर काढायला खालून पाणी सोडावं लागतं, आणि प्रत्येक वेळी पोकळीची भिंत आणखी थोडी विरघळते. म्हणजे पुन्हापुन्हा काढ-घाल करण्यासाठी ती बनलेलीच नाही.

पुढाऱ्यांनी मात्र हा साठा काढ-घालीसाठीच वापरला. २०२० च्या मार्चमध्ये भाव कोसळले तेव्हा ट्रम्प सरकारला तीन अब्ज डॉलरचं स्वस्त तेल घेऊन साठा भरायचा होता. डेमोक्रॅट पक्षाने ती तेल कंपन्यांना दिलेली खिरापत ठरवली आणि पैसे मंजूर झाले नाहीत. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर बायडन यांनी १८ कोटी बॅरल बाजारात आणायचं ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुका होत्या, आणि पंपावरचा भाव हा प्रचाराचा मुद्दा होता. जुलै २०२३ पर्यंत साठा ३५ कोटी बॅरलच्या खाली आला, १९८३ नंतरचा सर्वात कमी. युद्ध किंवा चक्रीवादळासाठी ठेवलेलं तेल भाव पाडायला वापरणं मला चूक वाटतं, मग सत्तेत कुणीही असो. त्याआधी २०१५ पासून काँग्रेसने बजेटची भोकं बुजवायलाही हेच तेल विकायला काढलं होतं, ते तर आणखी वाईट.

तरीही इथल्या भांडणाची एक गोष्ट मला हवीहवीशी वाटते. दोन्ही पक्ष एकाच आकड्यावरून भांडतात. साठा किती, हे वादात नसतं. तो योग्य की अयोग्य, यावर वाद होतो.

अमेरिकेचं सगळंच उत्तम आहे, असं म्हणणारा मी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळ आलं. देशात सर्वाधिक तेल आणि वायू काढणारं हे राज्य, आणि आमच्या घरात तीन दिवस वीज नव्हती. वायूच्या विहिरींची तोंडं गोठली, वीजकेंद्रं बंद पडली. राज्याचं ग्रीड शेजारच्या राज्यांशी जेमतेम जोडलेलं, त्यामुळे बाहेरून मदत येईना. मुलीला दोन स्वेटर घालून स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळ बसवलं होतं आणि खिडकीची फट मोजे कोंबून बंद केली होती. सरकारी मोजणीनुसार राज्यात २४६ माणसं गेली. साठा असणं आणि तो गरज असेल तिथे पोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

नागपूरने हेच जानेवारी २०२४ मध्ये पाहिलं. नव्या न्याय संहितेतल्या अपघाताच्या कलमाविरुद्ध ट्रकचालकांनी संप केला आणि डेपोंमधून टँकर निघेनात. दादाने रात्री फोटो पाठवला. पंपापासून निघालेली दुचाक्यांची रांग पार चौक ओलांडून गेलेली, काही जण रिकामी कॅन हातात धरून उभे. "दीड तास झाला, अजून नंबर नाही लागला. अन् आपल्यापर्यंत येतवर संपून जाईन." २ जानेवारीच्या रात्री सरकारशी बोलणी होऊन संप मिटला, म्हणून निभावलं. त्या दोन दिवसांत देशाच्या तेलसाठ्यातला एक थेंबही कमी झालेला नव्हता. तो होता विशाखापट्टणम, मंगळूर आणि कर्नाटकातल्याच पाडूरच्या खडकात कोरलेल्या सरकारी गुहांत. टंचाई होती खापरी-बोरखेडीकडच्या डेपोपासून शहरातल्या पंपापर्यंतच्या वीस-तीस किलोमीटरमध्ये.

आपल्या राखीव साठ्याबद्दल बोलायचं तर त्याची सुरुवात अभिमान वाटावा अशी आहे. २००४ मध्ये त्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. आपल्याकडे मिठाऐवजी कठीण खडकात गुहा कोरल्या आहेत. भोवतालच्या खडकात पाण्याचा दाब तेलापेक्षा जास्त राखायचा, म्हणजे तेल बाहेर झिरपत नाही. तिन्ही ठिकाणची मिळून क्षमता ५३ लाख ३० हजार टन. एप्रिल-मे २०२० मध्ये जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा भारताने सरासरी १९ डॉलर बॅरलच्या भावाने या गुहा भरून घेतल्या आणि सरकारी हिशेबाने पाच हजार कोटींहून जास्त वाचवले. अमेरिकेला जे भांडणापायी जमलं नाही ते आपण करून दाखवलं. (त्याच मे महिन्यात पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपये अबकारी वाढली, म्हणून स्वस्ताई दादाच्या पंपापर्यंत आली नाही.)

पण ५३ लाख टन म्हणजे किती? जेमतेम ३ कोटी ९० लाख बॅरल. फ्रीपोर्टसारख्या ठिकाणच्या चार पोकळ्या. सरकारच्याच हिशेबाने देशाची साडेनऊ दिवसांची गरज. तेल कंपन्यांच्या टाक्या धरून ७४ दिवस सांगितले जातात, पण या आकड्याकडे मी इंजिनिअरच्या नजरेने पाहतो. कंपन्यांच्या साठ्यातला बराच भाग पाइपलाइनीत आणि टाक्यांच्या तळाशी असतो. तो काढला तर रिफायनरीच बंद पडेल. आणि संसदेत प्रश्न विचारला की उत्तरात बहुतेक वेळा क्षमता सांगितली जाते. गुहा या आठवड्यात किती भरलेल्या आहेत, हे नियमाने कुणी छापत नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था आपल्या सदस्य देशांना ९० दिवसांच्या निव्वळ आयातीइतका साठा ठेवायला सांगते. भारत २०१७ पासून तिचा सहयोगी आहे, पूर्ण सदस्य नाही, म्हणून ते बंधन आपल्यावर नाही. ओडिशातल्या चांदीखोल आणि पाडूरच्या दुसऱ्या टप्प्याला जुलै २०२१ मध्ये मंजुरी मिळाली. त्या कामाची गती हा आपल्या टीव्हीवरच्या चर्चांचा विषय व्हायला हवा होता.

त्याहून जास्त काळजी मला स्वयंपाकाच्या गॅसची वाटते. कच्च्या तेलाचा निदान साठा तरी आहे. एलपीजीचं काय? देशाला वर्षाला तीन कोटी टनांहून जास्त लागतो, म्हणजे दिवसाला सुमारे ८५ हजार टन. त्यातला निम्म्याहून जास्त आयात होतो आणि त्यातला बहुतांश आखातातून येतो. जमिनीखालचा साठा म्हणाल तर विशाखापट्टणमला ६० हजार टनांची गुहा आहे आणि मंगळूरला नुकतीच झालेली ८० हजार टनांची. दोन्ही मिळून देशाचे दोन दिवससुद्धा निघत नाहीत. उज्ज्वला योजनेतून दहा कोटींहून जास्त घरांत गॅस गेला, आणि ते चांगलंच झालं. चुलीच्या धुरात डोळे चोळणारी माझी आजी मी रामटेकला पाहिली आहे, म्हणून हे मनापासून लिहितो. पण ज्या घरातली चूल आपण मोडायला लावली, त्या घराला सिलिंडर मिळेल याची हमी देणं आपलंच काम आहे. स्कूटरचं मायलेज घटलं तर महिन्याला काही रुपये जातात. सिलिंडर आलं नाही तर त्या दिवशी भात शिजत नाही.

हे आकडे नियमाने छापा म्हटलं, की मला ठरलेलं उत्तर मिळतं. साठ्याचा आकडा ही संरक्षणाची बाब आहे, शत्रूला कळू नये. चीन आपला साठा गुप्त ठेवतो, हे खरं. पण जागा आणि क्षमता आपण स्वतःच जाहीर केल्या आहेत. तेल घेऊन येणारी जहाजं उपग्रहातून सगळ्यांना दिसतात. न कळणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे पंपावर उभा असलेला दादा.

आणि यासाठी अमेरिकेचा दाखला द्यायचीही गरज नाही. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा आहेत. तिथल्या वीजकेंद्रांच्या यार्डात आज किती टन कोळसा आहे आणि तो किती दिवस पुरेल, हे केंद्रीय विद्युत प्राधिकरण दररोज छापतं. देशातल्या प्रत्येक मोठ्या औष्णिक केंद्राचं. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभरातल्या केंद्रांकडचा सरासरी साठा चार दिवसांवर आला, तेव्हा याच तक्त्यामुळे ते सगळ्यांना कळलं. कोळसा मंत्रालयाला रोज उत्तरं द्यावी लागली, रेक वाढवाव्या लागल्या. एप्रिल २०२२ मध्ये तर कोळशाच्या गाड्यांना वाट देण्यासाठी प्रवासी गाड्या रद्द झाल्या. त्या निर्णयाचा राग आला तरी कारण समोर होतं, आकड्यासकट. शत्रू तेव्हा काही घेऊन गेला नाही.

विदर्भाला हे जास्त जवळचं वाटायला हवं. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय नागपुरात, राज्याला वीज देणारी केंद्रं नागपूर-चंद्रपुरात, राख पडते ती आपल्याच शेतांवर आणि नद्यांत. मे २०२३ मध्ये कोराडीत ६६० मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली, तेव्हाही मुख्य प्रश्न हाच होता की वीज सगळ्यांची आणि धूर आमचा का. विदर्भात रिफायनरी किंवा पेट्रोकेमिकल प्रकल्प हवा, ही मागणीही जुनी आहे. समुद्र नाही म्हणून ती हसण्यावारी नेऊ नये. मध्य प्रदेशातल्या बीनाची रिफायनरी गुजरातच्या वाडीनारहून ९३५ किलोमीटरच्या पाइपलाइनीने तेल घेते. पण तो दहा-पंधरा वर्षांचा विषय आहे, आणि साठ्याचा हिशेब उद्यापासून सुरू करता येतो.

तो हिशेब असा हवा: दर आठवड्याला, देशाचा आणि जिल्ह्याचा वेगळा. कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, एलपीजी, प्रत्येकाचे दिवस वेगवेगळे. गुहांची क्षमता एका रकान्यात आणि प्रत्यक्ष भरलेलं दुसऱ्या. राखीव तेल कोण आणि कोणत्या परिस्थितीत काढू शकतो याचा नियम कायद्यात, म्हणजे निवडणुकीच्या आधी भाव पाडायला ते कुणी वापरू शकणार नाही. यासाठी नवीन यंत्रणा लागत नाही. डेपोतल्या टाक्यांची पातळी कंपन्या रोज मोजतातच.

डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन नागपूरला भरतं. पेट्रोलियम हा केंद्राचा विषय आहे, पण पंप आणि गॅस एजन्सींच्या पुरवठ्यावर लक्ष ठेवणारं खातं राज्याकडे आहे. दादाला मी सांगितलंय की इथेनॉलवरचं भांडण चालू ठेव, पण तुमच्या आमदाराच्या ऑफिसात एक चिठ्ठी देऊन ये. त्याने सभागृहात एवढंच विचारावं: नागपूर जिल्ह्यात आज किती दिवसांचं डिझेल आहे, किती दिवसांचे सिलिंडर आहेत, आणि हा आकडा दर आठवड्याला कुठे वाचायला मिळेल?