सर्दीला अझिथ्रोमायसिन मागणाऱ्या माझ्या माणसांसाठी

पाऊस लागला की आमच्या खानापूर तालुक्यात घरोघरी खोकला शिरतो आणि माझ्या मेडिकलमध्ये एकच मागणी सुरू होते, "अझी पाचशे द्या, तीन गोळ्या." चिठ्ठी नसते. असलीच तर जुनी, तीही शेजारणीच्या नावाची. परवा एक काकी आल्या. हातात कात्रीने कापलेला पट्टीचा तुकडा, नाव अर्धं तुटलेलं, लाल रेघ मात्र शाबूत. "हीच दे गं, पोराला मागं हिनंच उतार पडला होता." ती लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय हे औषध द्यायचं-घ्यायचं नाही अशी खूण, हे मी समजावलं. काकी रागावून पुढच्या दुकानात गेल्या. वाईट वाटलं, पण गोळी दिली नाही आणि यापुढेही देणार नाही.

सर्दी-पडसं बहुतेक वेळा विषाणूचं असतं. अझिथ्रोमायसिनची ही गोळी म्हणजे अँटिबायोटिक, जिवाणू मारणारं औषध; विषाणूला ती काहीच करत नाही. मग ती पोटात जाऊन करते काय? आतड्यातले आपलेच जिवाणू मारते.

आणि ते जिवाणू तिथे नुसते बसलेले नसतात. सकाळच्या खानापूर-बेळगाव बसमध्ये मधल्या थांब्यावरच्या माणसाला पाय ठेवायला जागा नसते ना, तशी अवस्था ते बाहेरून आलेल्या रोगजंतूची करतात. भाकरी-उसळीतला चोथा खाऊन ते जी आम्लं तयार करतात, त्यावर आतड्याचं अस्तर पोसतं आणि बऱ्याच रोगजंतूंची वाढ रोखली जाते. काही जिवाणू पित्ताचं रूप बदलतात, आणि त्या बदललेल्या पित्तात क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूला वाढणं अवघड जातं. अँटिबायोटिकने हा पहारा उठला की हाच जंतू फोफावतो आणि जुलाब लागतात, म्हाताऱ्या माणसांच्या तर जिवावर बेततं. हे नातं 1978 मध्येच उघड झालं. त्याचे बीजाणू (जंतूचं टणक कवचातलं रूप) सॅनिटायझरने मरत नाहीत, म्हणून अशा रुग्णाची सेवा करणाऱ्याने साबण-पाण्यानेच हात धुवावेत.

बायकांनी तर हे नीट ऐकावं. लघवीची जळजळ, ताप हे दुखणं बहुतेक वेळा ई. कोलाय नावाच्या जिवाणूमुळे होतं आणि तो आपल्याच आतड्यातून आलेला असतो. ऊठसूट गोळ्या खाल्ल्या की आतड्यात त्या औषधाला न जुमानणारे ई. कोलायच मागे उरतात. उद्या तेच लघवीच्या वाटेत गेले की तोंडावाटे घ्यायच्या साध्या गोळ्या बऱ्याचदा चालत नाहीत, सलाईनमधून महागडं इंजेक्शन घ्यावं लागू शकतं. गरिबाच्या घरात त्याचा अर्थ काय होतो, ते मी काउंटरवरून बघते.

याच अझिथ्रोमायसिनवर 7 देशांत मोठी चाचणी झाली, त्यात आपल्या बेळगावचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज होतं. 29 हजारांवर बाळंतिणी होत्या. कळा सुरू झाल्यावर 2 ग्रॅमचा एकच डोस. आईला सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनून जिवावर बेतणं) होण्याचं किंवा तिचा मृत्यू होण्याचं प्रमाण 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आलं. 2023 मध्ये निकाल छापून आला. जी गोळी बाळंतिणीला सेप्सिसपासून वाचवू शकते, तीच आपण पडशाला खाऊन बोथट करतोय. मला याचा संताप येतो.

आजार टाळायचे उपाय माझ्या दुकानात कमी आणि घरात जास्त आहेत. पावसात पाणी उकळून प्या. शौचानंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. लसी वेळेवर घ्या. मुलाला पाण्यासारखे जुलाब झाले तर आधी ओआरएस, आणि डॉक्टर सांगतील तसं झिंक. शौचात रक्त पडलं, मूल पाणीसुद्धा पिईना किंवा सुस्त पडलं तर लगेच दवाखाना गाठा, तिथे डॉक्टरांना अँटिबायोटिक द्यावं लागेल असं वाटलं तर ते नक्की घ्या. मी अँटिबायोटिकच्या विरोधात नाही. न्यूमोनियात, टायफॉइडमध्ये त्यानेच जीव वाचतो. डॉक्टरांनी दिलंय तर सांगितलंय तेवढं घ्या, मधेच मनाने सोडू नका, उरलेली गोळी पुढच्या तापासाठी डब्यात ठेवू नका.

आणि घरात आजी-आजोबांचा अँटिबायोटिकचा कोर्स चालू असताना किंवा संपल्यावर काही आठवड्यांत दिवसाला तीन-चारदा पातळ शौचाला होऊ लागलं, तर जुलाब थांबवायची गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका. डॉक्टरकडे जा आणि कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं, ते आठवणीने सांगा.