इतिहास मंडळ राहू द्या, आधी तो ब्रश खाली ठेवा

१८६० च्या कायद्याने संस्था नोंदवायला सात माणसं पुरतात. आमच्या गावात सात जमले, पण सातही अध्यक्षच! सचिव व्हायला कुणी तयार नाही, कारण सचिवाला लिहावं लागतं.

नाशिकपासून तासाभरावरचं गाव आमचं. ग्राम इतिहास मंडळ काढू म्हटलं तर सगळे 'वा वा' करत आले. पहिली अख्खी बैठक नावावरून भांडण्यात गेली. नावात कुणाच्या आजोबांना घालायचं? दुसरीत फ्लेक्सवर कुणाचा फोटो मोठा. पोटात गेला तो फक्त चहा, तोही ग्रामपंचायतीच्या खर्चाने.

आणि तिकडे वेशीवरच्या वीरगळाला, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेला, कुणा उत्साही पोराने चकचकीत ऑइलपेंट फासला. खालच्या चौकटीतली लढाई, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवपिंडीची पूजा आणि चंद्रसूर्य, सगळं चॉकलेटी. पेंटचा डबा देणारा कोण? मंडळाचा भावी उपाध्यक्ष! वर मलाच सांगतो, "सर, सुशोभीकरण केलं."

अरे, सुशोभीकरण? आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची १३ हजारांहून जास्त चांदीची नाणी निघाली. त्यातल्या हजारोंवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप मारलेला होता. कोण हरलं, कोण जिंकलं, ते त्या दुहेरी ठशातच वाचता आलं. तेव्हा कुणी ती नाणी 'मळकी दिसतात' म्हणून घासूनपुसून पॉलिश केली असती तर? (आमच्याकडे सापडली असती तर सोनाराकडेच गेली असती म्हणा.)

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरचे कागद गोळा करत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं १९१० साली, पण कागद जमवण्याचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं. आमचं बरोब्बर उलटं. मंडळ आधी, लेटरहेड त्याच्याही आधी, आणि मोडी कागदांची पेटी वाड्याच्या माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन. त्या घरातल्या काकू गेल्या पावसाळ्यात शांतपणे म्हणाल्या, "थोडे बंबात घातले रे, ओलेच झाले होते." त्यांच्यावर काय चिडायचं? त्यांना कुणी विचारायलाच गेलं नव्हतं. सगळे सत्काराच्या शाली मोजत होते.

शिलालेख बघायला नाशिकच्या पांडवलेण्यात जायचं आणि गौतमीपुत्राची आई बालश्री हिच्या लेखासमोर सेल्फी काढून यायचं. गावातला दगड मात्र रंगवायचा!

पुढची बैठक एकादशीनंतर आहे म्हणे. विषय: उद्घाटनाला आमदार की खासदार. मला बोलावू नका. रविवारी सकाळी मी ती पेटी खाली उतरवायला जातोय. यायचं त्याने फडकं, मऊ ब्रश आणि मास्क घेऊन यावं. हारतुरे आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवीन.