नाव बदललं तरी उत्तर मॅसेडोनिया बाहेरच

उत्तर मॅसेडोनियाने युरोपियन युनियनमध्ये येण्यासाठी अर्ज केला मार्च २००४ मध्ये. पुढच्याच वर्षी डिसेंबरात उमेदवार देशाचा दर्जा मिळाला आणि तो देश आजही उमेदवारच आहे. माँटेनेग्रोने अर्ज केला २००८ मध्ये आणि २०१२ पासून त्याच्या वाटाघाटी सुरूसुद्धा झाल्या. आपल्याकडे या विषयावर फारसं कुणी बोलत नाही, पण मला हा उघडउघड अन्याय वाटतो, म्हणून सविस्तर लिहितेय.

१९९३ मध्ये कोपनहेगनला निकष ठरले: लोकशाही आणि कायद्याचं राज्य, अल्पसंख्याकांचं रक्षण, स्पर्धेत टिकणारी बाजारव्यवस्था, युनियनचे कायदे राबवण्याची क्षमता. हे निकष मला पटतात. पण या निकषांच्या जोडीला सगळ्या सदस्य देशांच्या एकमताची अट आहे. ती फक्त शेवटच्या निर्णयाला नाही, मधल्या जवळजवळ प्रत्येक पायरीला आहे. सगळी गोम तिथे आहे.

२००९ मध्ये युरोपियन कमिशनने, म्हणजे युनियनच्या कार्यकारी मंडळाने, सांगितलं की या देशाशी वाटाघाटी सुरू करा. ग्रीसने अडवलं. कारण नाव. ग्रीसच्या उत्तर भागालाही मॅसेडोनियाच म्हणतात. शेजारी देशाने तेच नाव घेतलं तर उद्या तो आपल्या भूमीवर आणि सिकंदराच्या वारशावर हक्क सांगेल, ही भीती. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण १९९५ च्या करारात ग्रीसने लिहून दिलं होतं की ठरलेलं तात्पुरतं नाव वापरून हा देश कुठल्या संघटनेत येत असेल तर आम्ही आडवे येणार नाही. नेटो या लष्करी आघाडीतल्या प्रवेशाच्या बाबतीत ग्रीसने तो करार मोडला, असा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०११ मध्ये १५ विरुद्ध १ मतांनी दिला. निकाल लागला आणि कागदावरच राहिला.

शेवटी जून २०१८ मध्ये प्रेस्पा सरोवराकाठी मॅसेडोनियाचे झाएव्ह आणि ग्रीसचे त्सिप्रास या दोन पंतप्रधानांच्या साक्षीने नाव बदलण्याचा करार झाला. त्याआधीच राजधानी स्कोप्येच्या विमानतळावरून सिकंदराचं नाव उतरलं होतं. फेब्रुवारी २०१९ मध्ये देशाचं नावच बदललं. सीमा ओलांडणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर नव्या अक्षरांचे स्टिकर आले. जुन्या नावाचे पासपोर्ट फेब्रुवारी २०२४ मध्ये बाद झाले. स्वतःच्या देशाचं नाव बदललं म्हणून पासपोर्टसाठी रांगेत उभं राहायचं, हे आपल्याला करावं लागलं असतं तर कसं वाटलं असतं?

एवढं करून काय मिळालं? २०२० मध्ये नेटोत प्रवेश, हे खरं. युनियनचं काय? ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्स म्हणाला, आधी प्रवेशाची पद्धत सुधारा. झाएव्हना मुदतपूर्व निवडणुका जाहीर कराव्या लागल्या. मार्च २०२० मध्ये वाटाघाटींना होकार आला, तर नोव्हेंबरात बल्गेरिया उभा राहिला. तुमची भाषा म्हणजे आमच्याच भाषेची बोली, तुमचा इतिहास आमचाच, असं त्याचं म्हणणं. २०२२ च्या तोडग्यात अट आली की राज्यघटनेत बल्गेरियन समाजाचा उल्लेख करा. २०२१ च्या जनगणनेत असे ३,५०४ लोक नोंदले गेले. अल्पसंख्याकांचा उल्लेख घटनेत असावाच, त्याला माझा विरोध नाही. पण ही अट कोपनहेगनच्या कुठल्या निकषात होती? आणि या भांडणाशी काडीचा संबंध नसलेला अल्बानियाही युनियनने प्रवेशाच्या वाटेवर याच देशाच्या जोडीला बांधला होता म्हणून २०२४ पर्यंत अडकून पडला.

आपल्या महाराष्ट्रात सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा आहे. त्याचं कलम २३ सांगतं की पात्र माणसाला सबळ कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर निबंधकाकडे अपील करता येतं. उत्तर मॅसेडोनियाला अपील करायला जागाच नाही.

नकाराधिकार हे छोट्या देशांचं एकमेव हत्यार आहे, असं म्हटलं जातं. मान्य. म्हणून तो सुरुवातीला आणि शेवटी असू द्या. मधल्या पायऱ्या कमिशनच्या अहवालावरून, बहुमताने ठरवा. जर्मनी आणि स्लोव्हेनियाने हे सुचवलेलंही आहे. स्लोव्हेनियाने स्वतः सीमावादापायी क्रोएशियाला अडवलं होतं, म्हणून त्याच्याकडून हे येणं मला महत्त्वाचं वाटतं.

या खेळखंडोब्याची किंमत देशातल्या समजुतीने वागणाऱ्यांनी मोजली. २०२४ मध्ये नामांतराला विरोध करणारा पक्ष जिंकला. नव्या राष्ट्राध्यक्षांनी शपथविधीत नुसतं ‘मॅसेडोनिया’ म्हटलं आणि ग्रीसच्या राजदूत उठून गेल्या. ते नाव तिथे घ्यायला नको होतं, करार हा करार असतो.

पण घटनादुरुस्तीसाठी संसदेतली १२० पैकी ८० मतं कुठल्या तोंडाने मागायची? दुरुस्तीनंतर आणखी नवी अट येणार नाही, एवढं युनियनने आधी लिहून द्यावं. स्कोप्येचं सरकार हमी मागतंय ती याचीच, आणि या एका मागणीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.