भाच्याला विचारू का?

"साहेब, जमत नसेल तर भाच्याला विचारू का? एमएससीआयटी करतोय तो."

हे काल भोसरीच्या एका कारखान्यात, चार हेल्परांच्या देखत, स्टोअर सांभाळणारे अण्णा मला म्हणाले. मशीन एएस/400, म्हणजे कंपन्यांच्या हिशेब-स्टॉकसाठीचा जुना संगणक. आयबीएमने 1988 साली आणलं, पुढे त्याची नावंही बदलली, पण बारशाचं नाव काही सुटलं नाही. काम एवढंच, की मालाची यादी कोडप्रमाणे स्क्रीनवर दाखवायची. दाखवली.

अण्णांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पेज डाऊनचं बटण पेन्सिलीच्या मागच्या टोकाने दाबलं. (बोटांना ग्रीस असतं म्हणे. कीबोर्ड बघता हे उशिरा सुचलेलं शहाणपण आहे.)

"हे उलटं लागलंय. 6204 बेअरिंग पार शेवटी?"

"अण्णा, यात एबसिडिक असतं, म्हणजे आयबीएमची अक्षरांना नंबर द्यायची पद्धत. अक्षरं आधी, आकडे नंतर. छोटी एबीसीडी तर मोठीच्याही आधी."

"म्हणजे शाळेत आम्हाला चुकीचं शिकवलं?"

"तसं नाही हो..."

"मग एक्सेलमध्ये बरं बरोबर लागतं!"

एवढं बोलून त्यांनी माउसने 'कोड' या शीर्षकावर क्लिक केलं. कर्सर तिथे जाऊन लुकलुकत बसला. पुन्हा क्लिक. मग जोरात क्लिक. मग माझ्याकडे बघितलं.

आता यांना काय सांगणार! ही यादी म्हणजे सबफाइल, स्क्रीनवर दाखवण्यापुरती प्रोग्रॅमने ओळ ओळ भरलेली. ती जागच्या जागी सॉर्ट होत नाही. दोन पानं इकडची तिकडे करायची तर अख्खी पंगत उठवायची, म्हणजे सबफाइल रिकामी करायची, रेकॉर्ड नव्या क्रमाने वाचायचे, पुन्हा ओळ ओळ भरायची. त्यातही 9999 ओळींच्या पुढे ती हात वर करते. तरी बसलो. आकडे आधी येतील असा वेगळा क्रम लावून नवी लॉजिकल फाइल (मूळ माहिती तीच, फक्त वेगळ्या क्रमाने दाखवणारी) बांधली, प्रोग्रॅम तिच्यावर वळवला. 6204 वर आलं.

"बोल्ट-10 हा बोल्ट-2 च्या आधी कसा?"

कारण कोड हे अक्षरांचं फील्ड आहे, ते डावीकडून एकेक अक्षर बघतं, एक हा दोनच्या आधी येतो. म्हटलं, कोड बोल्ट-02 असा ठेवा.

"दोन नंबरच्या बोल्टला कुणी शून्य-दोन म्हणतं का?" हेल्पर हसले. भाच्याचा विषय निघाला तो इथे.

एवढं होऊन 6204 नेमकं कुठल्या रॅकवर आहे ते अण्णांनी खिशातल्या डायरीत बघून सांगितलं. स्क्रीनकडे ढुंकूनही न बघता.

बिल द्यायला गेलो तर अकाउंटंट म्हणतात, "नुसतं सॉर्टिंगच ना? त्याचे कसले पैसे?" रंगीत डॅशबोर्ड करून देणाऱ्या पोराला मागच्याच महिन्यात मीटिंगमध्ये टाळ्या आणि पेढे. यांची मार्चअखेर मात्र याच हिरव्या स्क्रीनवर निघते, आणि ती अडली की रात्री अकराला फोन मला येतो, त्या पोराला नाही.