फुप्फुसं फुगत नाहीत, हीच तर गंमत

लेख आवडला, पण ‘पक्ष्यांची फुप्फुसं आपल्यापेक्षा जास्त फुगतात’ हे वाक्य खटकलं. अहो, ती जवळपास फुगतच नाहीत! घरी कोंबडी साफ केली असेल तर पाठीकडच्या फासळ्यांच्या खाचांत रुतून बसलेला गुलाबी, स्पंजासारखा लगदा आठवेल. मी तो नखाने खरवडून काढते. तेच फुप्फुस. फुगतात त्या हवेच्या पिशव्या, बहुतेक पक्ष्यांत ९, भात्यासारख्या. श्वास घेतला की ताजी हवा बरीचशी मागच्या पिशव्यांत जाते, सोडताना फुप्फुसात शिरते, दुसरा श्वास घेताना पुढच्या पिशव्यांत आणि तो सोडताना बाहेर. म्हणजे एकदा घेतलेली हवा बाहेर पडायला दोन श्वास लागतात. फुप्फुसातल्या बहुतेक बारीक नळ्यांत हवा एकाच दिशेने वाहते, त्यामुळे आपल्यासारखी शिळी-ताजी हवा तिथे मिसळत नाही.

हिवाळ्यात उजनी जलाशयाकाठी भिगवणला दिसणारे पट्टकदंब हंस हिमालय ओलांडतात, त्यात या रचनेचा मोठा हात आहे. ७,२९० मीटर उंचीवर त्यांची नोंद झालेली आहे. (त्यांचं हिमोग्लोबिनही प्राणवायू जास्त घट्ट धरतं, ते आणखी वेगळं प्रकरण.) आम्ही मात्र सिंहगड चढताना चार ठिकाणी बसतो!