कर घ्या, पण दुकान तरी चालवू द्या

जीएसटी भरायला ना कोणाची आहे? जुलै २०१७ पासून भरतोय, वेळच्या वेळी भरतोय. संताप येतो तो रिटर्नमधल्या या रकान्यांचा. दर वर्षी नवा रकाना, नवी अट, आणि भरणार कोण? गोव्यातल्या फोंड्यात हार्डवेअरचं दुकान चालवणारा माणूस! काउंटरवर मेस्त्री बिजागऱ्यांसाठी ताटकळतोय आणि मी मालाचे सरकारी कोड शोधत स्क्रू ७३१८, बिजागरी ८३०२, पीव्हीसी पाइप ३९१७ करत बसलोय. मे २०२५ पासून हे कोड टाइपही करायचे नाहीत, यादीतूनच निवडायचे. जीएसटी नंबरवाल्यांची विक्री एका टॅबमध्ये, बाकीच्यांची दुसऱ्यात. वर बिलं कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत फाडली, रद्द किती केली, तेही सांगा.

११ तारखेला विक्रीच्या बिलांचं रिटर्न जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं रिटर्न ३बी. लहानांना तिमाहीची सोय आहे म्हणे. कसली डोंबलाची सोय? रिटर्न तीन महिन्यांनी, पण मधल्या महिन्यांचा कर २५ तारखेला भराच. आणि कंत्राटदाराला महिन्याच्या महिन्याला क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, दिसलं नाही, तर तो पुढचा माल शेजारच्या दुकानातून उचलतो. म्हणजे बिलं दर महिन्याला चढवायचीच. २०२३ मध्ये चवथ १९ सप्टेंबरला आली. घरात गणपती, वर फळाफुलांची माटोळी, पाहुण्यांची रीघ, आणि दुसऱ्याच दिवशी ३बीची शेवटची तारीख! अशी तारीख ठरवताना गोव्यात चवथ असते, हे कोणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही.

पण खरी आग होते ती क्रेडिटवरून. बेळगावच्या होलसेलवाल्याकडून माल घेतला. बिल माझ्याकडे, पैसे बँकेतून गेलेले, करासकट. त्याने त्याचं रिटर्न वेळेत भरलं नाही, की १४ तारखेला तयार होणाऱ्या माझ्या २बीमध्ये, म्हणजे मला मिळणाऱ्या क्रेडिटच्या यादीत, ते बिल नाहीच! म्हणजे तोच कर मी खिशातून पुन्हा भरायचा, आणि वर त्यालाच फोन करकरून विनवण्या करायच्या, 'बाबा रे, रिटर्न भर.' तो म्हणतो, 'पुढच्या महिन्यात बघू.' वसुली करायला सरकारकडे अख्खं खातं आहे ना? मग त्याच्या मागे मी का धावू?

आमचा उशीर झाला की दिवसाला ५० रुपये, विक्री शून्य असली तरी २०. कर राहिला तर १८ टक्के व्याज. आणि जानेवारी २०२५ मध्ये पोर्टलच ऐन मुदतीत बसलं, तेव्हा? दोन दिवस वाढवून दिले, संपलं. आमच्या वाया गेलेल्या दिवसांचं व्याज कोणी दिलं? आता तर ३बीमधला विक्रीवरचा करही कुलूपबंद केलाय. चूक सापडली तर दुरुस्तीचा फॉर्म जीएसटीआर-१ए भरा, तोही त्या महिन्यासाठी एकदाच.

बिल खरं आहे, माल गोदामात आहे, पैसे बँकेतून गेलेत. एवढं दाखवलं की क्रेडिट द्या आणि ज्याने कर बुडवला त्याची मानगूट धरा. माझी कशाला धरता?