ग्रिडवरचे डंजन क्रॉलर: पुढचा गेम निवडण्याआधी दोन प्रश्न

डंजन क्रॉलर म्हणजे तळघराच्या चक्रव्यूहात एकेक घर पुढे जात राक्षस मारण्याचे आणि वाट शोधण्याचे व्हिडिओ गेम. ‘ग्रिमरॉक’ त्यांतलाच एक. ‘ग्रिमरॉक संपवला, आता त्याच पठडीतलं काहीतरी सुचवा’ असं कुणी विचारलं की खाली पंधरा-वीस नावांची जंत्री पडते. त्यातलं वाईट नाव एखादंच असतं, तरी जंत्रीचा उपयोग शून्य. ग्रिमरॉक आवडलेल्या माणसाच्या हाती पहिली विझर्ड्री दिली तर तो पहिल्या मजल्यावर तीनदा मरून गेम काढून टाकणार. एट्रियन ओडिसीत रमलेल्याला ग्रिमरॉक दिला तर तो मेनू उघडून विचार करत बसेल आणि समोरचा राक्षस तेवढ्यात त्याला खाऊन मोकळा होईल. दोन्ही गेम पटावरच्या घरांसारख्या चौकोनांवर चालतात, दोन्हींत नव्वद अंशांतच वळता येतं, पण खेळ म्हणून त्यांचं एकमेकांशी फारसं काही जुळत नाही.

म्हणून नाव सुचवण्याआधी दोनच गोष्टी विचारायच्या. तुम्ही उभे राहिलात की वेळ थांबायला हवा की नको? आणि नकाशा कुणी काढायचा, गेमनं की तुम्ही? ग्राफिक्स, कथा, जुना की नवा हे सगळं नंतर.

आधी न थांबणाऱ्या वेळेचे गेम. या घराण्याचा मूळ पुरुष ‘डंजन मास्टर’, १९८७, एफटीएल गेम्स, अटारी एसटी. आज सुरुवात करायची तर २०१२चा पहिला ‘लेजंड ऑफ ग्रिमरॉक’, फिनलंडच्या ऑलमोस्ट ह्यूमनचा. तुम्ही चार कैदी चालवता, दोन पुढे, दोन मागे. मागच्यांच्या हातात तलवार देऊन उपयोग नाही, ती पोचत नाही. मागे फेकायची शस्त्रं, धनुष्य किंवा जादू. पुढच्या दोघांना जड चिलखत.

या गेममध्ये टिकायचं तर बाजूला सरकणं बोटांत भिनलं पाहिजे. डब्ल्यू, ए, एस, डी ही चार बटणं चालण्याची, क्यू आणि ई वळण्याची. नवखा माणूस घाबरला की ए ऐवजी क्यू दाबतो, म्हणजे सरकण्याऐवजी भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि पाठीत मार खातो. सरावासाठी चार घरांची मोकळी जागा शोधा, दोन बाय दोन. वार केला की हात पुन्हा तयार व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून राक्षस समोर आला की ज्यांचे हात तयार आहेत त्यांचे सगळ्यांचे वार करा आणि लगेच एक घर बाजूला सरका. आता राक्षस तिरक्या घरात आहे आणि तिरकं त्याला मारता येत नाही. तो तुमच्या समोरच्या घरात येईल, पण बहुतेक वेळा त्याचं तोंड अजून भलतीकडे असेल. तो वळेपर्यंतचा क्षण तुमचा. वार, सरकणं, वार, सरकणं. जड हत्यारं सावकाश तयार होतात म्हणून लोक ती टाळतात. या पद्धतीत उलट तीच बरी, कारण दोन वारांच्या मधला वेळ तसाही सरकण्यात जातो.

हे बिघडतं ते दोन ठिकाणी. मागचं आणि बाजूचं घर रिकामं आहे की नाही हे न पाहता भांडण सुरू केलं तर दुसरा राक्षस नेमका तिथे येऊन उभा राहतो आणि तुम्ही कोपऱ्यात सापडता. आणि हत्यार तयार व्हायची वाट बघत समोर थांबलात तर तो वार तुम्ही स्वतःहून घेतलेला असतो. हात तयार नसेल तर आधी हला, मग मारा. एका घराच्या अरुंद बोळात यातलं काहीच चालत नाही. तिथे मागे मागे जात फेकत राहायचं. डंजन मास्टरमध्ये तर वरून खाली येणारा दरवाजा राक्षसाच्या डोक्यावर पाडता येतो, आणि तो तलवारीइतकाच कामाचा आहे.

खरं सांगायचं तर लढाई हा ग्रिमरॉकचा दुय्यम भाग आहे. त्याची मजा भिंतीतल्या बटणांत आणि कोड्यांत आहे, आणि तिथे नकाशा वाचता आला पाहिजे. प्रत्येक मजला ३२ बाय ३२ घरांचा. नकाशा उघडल्यावर चारी बाजूंनी बोळ आणि मध्ये दोन-तीन घरांची कोरी जागा दिसली की तिथे बहुधा काहीतरी दडलेलं आहे असं समजा. मग तिच्या चारी भिंतींसमोर उभं राहून एकेका दगडाकडे बघा. लपवलेलं बटण वेगळ्या रंगाचं नसतं, फक्त जरा जास्त चौकोनी असतं. नकाशा बंद करणारा ओल्ड स्कूल मोडही आहे. आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेऊन बसणार असाल तरच तो निवडा. कागदाविना तो नुसता त्रास आहे, त्यात शौर्य कसलं?

दुसरा ग्रिमरॉक, २०१४चा, अधिक मोठा आणि माझ्या मते अधिक चांगला, पण पहिला म्हणून देऊ नये. तिथे तळघराऐवजी अख्खं बेट आहे, कुठूनही कुठेही जाता येतं, आणि एका ठिकाणच्या कोड्याची किल्ली भलत्याच टोकाला सापडते. लिहून ठेवायची सवय नसेल तर दहा तासांनंतर आपण काय शोधत होतो हेच आठवत नाही.

बोटं तेवढी चपळ नाहीत, पण कोडी मात्र हवीत? मग २०१७चा ‘व्हेपोरम’ घ्या. चौघांऐवजी एकच माणूस, वाफेच्या यंत्रांचं जग, आणि सेटिंगमध्ये वेळ थांबवण्याची सोय. ती चालू केली की तुम्ही हललात तरच जग हलतं. ही सोय वापरणं म्हणजे फसवणूक असं मानणारे लोक आहेत. त्यांना मानू द्या.

आता थांबणाऱ्या वेळेकडे. ‘विझर्ड्री: प्रोव्हिंग ग्राउंड्स ऑफ द मॅड ओव्हरलॉर्ड’, १९८१, ॲपल टू. दहा मजले, प्रत्येक २० बाय २० घरांचा, सहा जणांची पार्टी, म्हणजे तुम्ही चालवता तो गट. डिजिटल एक्लिप्सनं काढलेली नवी आवृत्ती २०२४ साली पूर्ण झाली, आणि तिच्यात मूळचा ॲपल टूचा पडदाही सोबत बघता येतो. इतिहास म्हणून ती सगळ्यांनी बघावी, पहिला गेम म्हणून कुणीही घेऊ नये. घ्यायचीच असेल तर हिशोब असा.

पुढे तीन लढवय्ये, मागे चोर, पुजारी आणि जादूगार. पहिल्या पातळीच्या जादूगाराकडे फक्त दोन मंत्र असतात. ते आग फेकण्यात घालवू नका, शत्रूला झोपवणाऱ्या कटिनोसाठी राखून ठेवा. झोपलेल्या टोळीवर तिघांचे वार जास्त नेमके बसतात आणि उलट वार येत नाही. दोन मंत्र म्हणजे दोन लढाया. त्या झाल्या की परत वर. ‘अजून एक दार उघडून बघू’ म्हणून पुढे गेलेल्या पार्ट्या तिथेच पडून राहतात आणि त्यांना आणायला दुसरी पार्टी तयार करावी लागते. वर आल्यावर सरायीत पैसे मोजून झोपायची गरज नाही. तबेल्यात फुकट झोपता येतं. तिथे जखमा भरत नाहीत, पण मंत्र परत येतात. मग खाली उतरून दारातच पुजाऱ्याचा जखमा भरणारा मंत्र डिओस सगळ्यांवर वापरा, वर या, पुन्हा तबेला. कंटाळवाणं आहे, पण सुरुवातीला खिशात पैसे नसतात तेव्हा पार्टी यावरच तगते.

मेलेल्याला देवळात नेता येतं, पण जिवंत करणं फसलं तर राख उरते, आणि राखेवरचा प्रयत्न फसला तर तो माणूस कायमचा गेला. शेवटच्या पातळीच्या मंत्रांतला मालोर हवं तिथे नेऊन सोडतो. जागेचा आकडा चुकला आणि भिंतीच्या दगडात उतरलात तर अख्खी पार्टी संपते. म्हणून आधी डुमापिकनं आपण नेमके कुठे आहोत ते बघायचं. गुपचूप तोंड फिरवणारी घरं ओळखायलाही तोच मंत्र कामाला येतो: सरळ बोळात नकाशा अचानक जुळेनासा झाला की पुढे न जाता आधी दिशा तपासा.

नकाशा स्वतः काढायचा, पण कागद नको, अशांसाठी ‘एट्रियन ओडिसी’ला तोड नाही. ॲटलसनं २००७ साली निन्टेन्डो डीएससाठी काढला: वर बोळ, खाली नकाशाचा कागद. पहिले तीन भाग २०२३ साली एचडी स्वरूपात स्विच आणि पीसीवर आले. पाच जणांची पार्टी. पहिल्या भागात लँड्सक्नेक्ट (लढवय्या) आणि प्रोटेक्टर (ढालवाला) पुढे. मेडिक (वैद्य), अल्केमिस्ट (जादूगार) आणि सर्व्हायव्हलिस्ट (धनुर्धर) मागे, इतकं ठेवलं तरी बराच पल्ला गाठता येतो. दर पातळीला एकच कौशल्य गुण मिळतो, त्यामुळे सहा कौशल्यांत एकेक टाकणारा कुठेच पोचत नाही. दोन-तीन निवडा आणि ती भरा.

या गेमचा आत्मा म्हणजे नकाशावर दिसणारे मोठे राक्षस, एफओई. तुम्ही पाऊल टाकलं की तेही टाकतात. सुरुवातीला त्यांच्याशी लढायचं नसतं. त्यांची गस्त मोजून, ते पाठमोरे असताना निसटायचं असतं. नवख्यांना हे कळतं, पण दुसरी गोष्ट कळत नाही: तुम्ही साध्या लढाईत अडकलेले असतानाही एफओई लढाईच्या प्रत्येक फेरीला एक घर पुढे सरकतात आणि थेट त्या लढाईत येऊन पडतात. म्हणून एफओई जवळ असताना छोटी लढाई सुरू झाली तर ती दोन-तीन फेऱ्यांत संपवा, नाहीतर पळा. आणि गाव सोडण्याआधी पिशवीत थेट गावात परत आणणारा ॲरियाडनी थ्रेड आहे का ते बघा. तो नसेल तर थकलेली पार्टी घेऊन आलेल्या वाटेनं पायी परतावं लागतं, आणि बहुतेक पार्ट्या त्या परतीतच मरतात. राक्षसांचे सापडलेले भाग साठवून ठेवू नका. ते विकल्याशिवाय दुकानात नवी हत्यारं येतच नाहीत.

जुन्यांत सर्वांत उदार गेम म्हणजे ‘माइट अँड मॅजिक: वर्ल्ड ऑफ झीन’. १९९२ आणि १९९३ सालचे दोन स्वतंत्र गेम एकत्र बसवले की एकाच जगाच्या दोन बाजू होतात. पार्टीत कुणाकडे तरी कार्टोग्राफर कौशल्य असलंच पाहिजे. त्याशिवाय नकाशा भरत नाही आणि लोक गेमला नावं ठेवतात.

२०१९चा ‘ऑपरेन्शिया’ हंगेरीच्या लोककथांवरचा, सुंदर आणि सोपा. ‘लॅबिरिंथ ऑफ रिफ्रेन’मध्ये चाळीसपर्यंत माणसं पार्टीत कोंबता येतात, आकडेमोडीची हौस असेल तरच त्या वाटेला जा.

एक विचित्र गेम मात्र मी हट्टानं सुचवेन: स्क्वेअर एनिक्सचा २०२१चा ‘डंजन एन्काउंटर्स’. ना भिंती, ना चित्रं. वरून दिसणारी नुसती घरं आणि त्यांवर आकडे. प्रत्येक शत्रूला दोन ढाली, एक शारीरिक, एक जादूची. शारीरिक वार शारीरिक ढाल फोडतो आणि ती फुटल्यावरच जिवाला लागतो, जादूचंही तसंच. त्यामुळे अर्धे वार तलवारीचे आणि अर्धे जादूचे करणारा दोन्ही ढाली अर्ध्या फोडून बसतो. कमी असलेली ढाल बघा आणि सगळ्यांना तिच्यावरच लावा. पार्टीत दोन्ही प्रकारची हत्यारं ठेवा, कारण पुढचा शत्रू नेमका उलटा असतो.

फोनवर खेळणाऱ्यांसाठी ‘विझर्ड्री व्हेरिएंट्स डॅफ्ने’ आहे, २०२४चा आणि फुकट. तळघरं चांगली बांधली आहेत, पण नवे साथीदार सोडतीतून मिळतात आणि तिथे पैसे जायला वेळ लागत नाही. उतरवणार असाल तर आधी फोनमधली खरेदी बंद करून ठेवा.